काहीच बदललं नसतं, तर काय दिसलं असतं?

नाईल नदीतून इजिप्तमधल्या आस्वानपाशी दरवर्षी किती पाणी वाहून गेलं, याची १८७१ ते १९७० अशी सलग शंभर वर्षांची नोंद आहे. संख्याशास्त्राच्या वर्गांत हे शंभर आकडे आजही सरावासाठी दिले जातात. १८९८ पर्यंतची २८ वर्षं घेतली तर सरासरी येते सुमारे ११० अब्ज घनमीटर. त्यापुढच्या ७२ वर्षांची सरासरी आहे सुमारे ८५ अब्ज. आलेखावर नुसती नजर टाकली तरी डावीकडचा तुकडा वर आणि उजवीकडचा खाली बसलेला दिसतो. म्हणजे एकोणिसावं शतक संपता संपता नदीच्या पाण्यात काहीतरी बदल झाला, हो ना?

बहुतेक जण 'हो' म्हणतील, आणि माझंही मत त्याच बाजूला झुकतं. पण त्या 'हो'पर्यंत पोचायला किती पायऱ्या चढाव्या लागतात ते पाहण्यासारखं आहे.

पाणी दरवर्षी सारखं नसतंच. दोन्ही तुकड्यांत वर्षागणिक साधारण १२-१३ अब्ज घनमीटरचा चढउतार चालूच आहे. तेव्हा पहिला प्रश्न असा की, एवढा चढउतार असताना दोन सरासऱ्यांमध्ये निव्वळ योगायोगाने किती फरक पडू शकेल? प्रत्येक वर्ष आधीच्या वर्षापासून स्वतंत्र धरलं, तर पाठ्यपुस्तकातलं सूत्र सांगतं की असा फरक साधारण तीन अब्जांच्या घरात असेल. प्रत्यक्षातला फरक २५ अब्जांचा, म्हणजे आठ-नऊ पट. याला योगायोग म्हणणं कठीण.

मात्र इथे नकळत एक चलाखी झालेली आहे. तुकडे १८९८ लाच का पाडले? आलेख पाहून, जिथे फरक सगळ्यात मोठा दिसला तिथे पाडले म्हणून. शंभर आकड्यांच्या ओळीत काप घ्यायच्या ९९ जागा असतात. त्या सगळ्या तपासून सगळ्यात भरघोस फरक देणारी जागा निवडली, तर काहीच न बदललेल्या मालिकेतही काही ना काही 'बदल' हाती लागणारच. म्हणून बदलाचा बिंदू शोधणाऱ्या पद्धतींचा हिशेब वेगळा असतो. काहीच न बदललेल्या हजारो मालिका संगणकावर तयार करायच्या, प्रत्येकीतला सगळ्यात मोठा फरक काढायचा, आणि आपल्या नदीचा फरक त्यांच्या रांगेत कुठे बसतो ते पाहायचं. नाईल या कठोर कसोटीलाही उतरते.

मग कारण काय? आस्वानचं जुनं धरण, असं चटकन म्हणावंसं वाटतं, कारण त्याचं काम १८९८ मध्ये सुरू झालं. पण ते पूर्ण व्हायला १९०२ उजाडलं, आणि सुरुवातीला त्यात पाणी मावत होतं साधारण १ अब्ज घनमीटर. दरवर्षीची २५ अब्जांची घट त्याच्या माथी मारता येत नाही. उष्ण कटिबंधातल्या पावसाच्या नोंदींत त्याच सुमारास घट दिसते, आणि तो धागा जास्त पटणारा आहे. तारखा जुळल्या की कारण सापडलं असं वाटण्याचा मोह किती जबर असतो, याचा हा एक नमुना.

या सगळ्या खटाटोपाचा गाभा मला असा दिसतो: बदल झाला की नाही हे ठरवायच्या आधी, बदल झाला नसता तर काय दिसलं असतं हे ठरवावं लागतं. आणि ते ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही.

न बदलण्याचेही प्रकार असतात

एक नाणं घ्या. छापा आला की एक पाऊल वर, काटा आला की एक पाऊल खाली. हजार वेळा उडवा आणि आपण कुठे कुठे होतो त्याचा आलेख काढा. नाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच आहे, नियमही तोच आहे. तरी आलेखात लांबलचक चढ दिसतील, उतार दिसतील, 'शिखर', 'घसरण', 'सावरणं' असं सगळं दिसेल. बातमीदाराला दिला तर तो प्रत्येक वळणाला एक कारणही शोधून देईल. या चालीला रँडम वॉक म्हणतात. तिची गंमत अशी की प्रत्येक पाऊल पूर्ण बेभरवशाचं असतं, पण झालेलं कधी पुसलं जात नाही. सगळं साठत जातं.

अशा साठत जाणाऱ्या दोन मालिका शेजारी ठेवल्या की फसगत आणखी वाढते. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी १९२६ मध्ये एक उदाहरण मांडलं. १८६६ ते १९११ या काळात इंग्लंड-वेल्समधल्या एकूण लग्नांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागलेल्या लग्नांचं प्रमाण, आणि त्याच वर्षांतला मृत्युदर. दोन्हींचा सहसंबंध निघाला ०.९५ (१ म्हणजे दोन्ही तंतोतंत जोडीने हलतात, ० म्हणजे काहीच मेळ नाही). चर्चमध्ये लग्नं कमी लागू लागली म्हणून माणसं जास्त जगू लागली, असं अर्थातच कुणी म्हणणार नाही. दोन्ही आकडे त्या अर्धशतकात आपापल्या कारणांनी खाली येत होते, इतकंच. पण यूल यांचा मुद्दा 'सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे' या घासून गुळगुळीत झालेल्या इशाऱ्याच्या पुढचा होता. काळाबरोबर सरकणाऱ्या मालिकांना नेहमीच्या चाचण्या लावल्या तर चाचणीच खोटं बोलते. १९७४ मध्ये क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी संगणकावर एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या रँडम वॉकच्या जोड्या तयार करून पाहिल्या. ज्या चाचणीने शंभरात पाचच वेळा चुकायला हवं होतं, तिने सुमारे तीन-चतुर्थांश वेळा 'संबंध आहे' असा निर्वाळा दिला.

निसर्गातल्या मालिका सहसा इतक्या टोकाच्या नसतात, पण त्यांना आठवण असते. यंदाचा समुद्र गेल्या वर्षीच्या समुद्रासारखा असतो, कारण तो तापायला आणि निवायला वेळ घेतो. क्लाउस हासेलमान यांनी १९७६ मध्ये दाखवलं की रोजच्या हवेचे बारीकसारीक, दिशाहीन धक्के समुद्रासारख्या सुस्त गोष्टीवर साठत गेले, की त्यातून दशकादशकांची संथ आंदोलनं आपोआप तयार होतात. सूर्यात किंवा ज्वालामुखीत त्याचं कारण शोधायची गरज नाही.

या आठवणीची किंमत आकड्यांत मोजता येते. एका वर्षाचा पुढच्या वर्षाशी सहसंबंध ०.६ असेल आणि आठवण याच पटीने विरत जात असेल, तर सरासरीपुरतं पाहता शंभर वर्षांची नोंद फक्त २५ स्वतंत्र वर्षांइतकी माहिती देते. म्हणजे नोंदवही जाडजूड, पण आतला मजकूर पाव. ज्याने हे विचारात घेतलं नाही, त्याला स्वतःच्या निष्कर्षाबद्दल दुप्पट खात्री वाटत राहते.

हॅरल्ड हर्स्ट नावाचा ब्रिटिश अभियंता १९०६ मध्ये कैरोला गेला आणि पुढची कित्येक दशकं नाईलचाच अभ्यास करत राहिला. अनेक वर्षांचं पाणी साठवून ठेवायचं तर धरण किती मोठं हवं, हा त्याचा प्रश्न. त्यासाठी सलग दुष्काळी किंवा सलग भरपूर पाण्याची वर्षं किती लांबतात ते कळायला हवं होतं. त्याच्या हाताशी कैरोजवळच्या रोडा बेटावरच्या पातळीमापकाच्या नोंदी होत्या, पार इ. स. ६२२ पासूनच्या. वर्षं एकमेकांपासून स्वतंत्र असती तर लागणारा साठा वर्षांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत वाढायला हवा, म्हणजे घातांक ०.५. हर्स्टला मिळाला ०.७ च्या थोडा वर. पाऊस, तापमान, झाडांच्या खोडातली वलयं, तळ्यांच्या तळाशी साचलेले गाळाचे थर, जे जे तपासलं त्यात जवळपास हाच आकडा. १९५१ मध्ये त्याने हे छापलं. भरपूर पाण्याच्या वर्षांमागे तशीच वर्षं लागतात, टंचाईमागे टंचाई, आणि हे लागून येणं नेहमीच्या सूत्रांना वाटतं त्यापेक्षा खूप लांबवर चालतं.

आता आस्वानचे ते शंभर आकडे याच्या उजेडात पाहिले की पायाखालची जमीन जराशी सरकते. '१८९८ नंतर नदी खालच्या पातळीवर गेली' हे एक वाचन. 'नदीला दीर्घ आठवण आहे आणि असे दशकादशकांचे चढउतार तिच्या स्वभावातच आहेत' हे दुसरं. शंभर आकड्यांवरून या दोहोंत निवाडा करणं अतिशय अवघड असतं, हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच पावसासारखा बाहेरचा साक्षीदार लागतो. फक्त त्याच आकड्यांना आणखी हुशार चाचण्या लावत बसून हा वाद मिटत नाही.

मोजपट्टीच बदलली तर?

जगभरच्या समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाच्या जुन्या आलेखांत १९४५ मध्ये एक खोल पायरी दिसायची. एकदम सुमारे ०.३ अंशांची घट. बरीच वर्षं ती नैसर्गिक चढउतारात धरली गेली. २००८ मध्ये डेव्हिड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी एल निन्योसारखे (म्हणजे दर काही वर्षांनी प्रशांत महासागराचं पाणी तापतं तसे) ओळखीचे चढउतार त्या मालिकेतून वजा केले. ती पायरी अधिकच टोकदार होऊन उभी राहिली, आणि जमिनीवरच्या तापमानात तिचा मागमूस नव्हता. समुद्र एकटाच गार झाला होता.

उत्तर बादलीत होतं. महायुद्धाच्या काळात बहुतेक नोंदी अमेरिकी जहाजांच्या होत्या, आणि ती जहाजं इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान मोजत. इंजिनाच्या खोलीजवळचं ते पाणी मूळ समुद्रापेक्षा थोडं कोमट. युद्ध संपलं आणि ब्रिटिश जहाजांच्या नोंदींचा वाटा एकदम वाढला. ती कापडी बादली समुद्रात सोडून पाणी वर ओढत. वर येईपर्यंत बाष्पीभवनाने ते थोडं गार होई. समुद्र होता तिथेच होता. मोजणारे बदलले होते.

मला या विषयातलं सगळ्यात आवडतं काम हेच वाटतं, कारण त्यात गणितापेक्षा जुनी जहाजं आणि बादल्या समजून घेण्याला महत्त्व आहे. जमिनीवरच्या हवामान केंद्रांचंही असंच. केंद्र गावाबाहेर हलवलं, तापमापक बदलला, वाचन संध्याकाळऐवजी सकाळी घेऊ लागले, भोवती इमारती उठल्या, की नोंदीत पायरी पडते. ती शोधायची युक्ती साधी आहे. शेजारच्या केंद्रांशी वजाबाकी करायची. थंडीची लाट आली तर ती सगळ्या शेजाऱ्यांवर येते, त्यामुळे फरकातून ती निघून जाते. फरकातही पायरी उरली तर दोष त्या एका केंद्राचा. इथेही 'काही बदललं नसतं तर' या प्रश्नाचं उत्तर शेजाऱ्यांकडून मिळवलेलं आहे.

थर वेगळे करणं

नोंद शुद्ध झाली तरी तिच्यात बऱ्याच गोष्टी एकमेकींवर चढलेल्या असतात. चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा आकडा होता दशलक्ष भागांत सुमारे ३१३. आज तो ४२० च्या पुढे आहे. पण पहिल्या वर्षी कीलिंग यांना वाढीआधी दिसली ती दरवर्षीची लय. मे महिन्यात आकडा सगळ्यात वर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सगळ्यात खाली, आणि मधलं अंतर सुमारे ६ भागांचं. उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात कार्बन डायऑक्साइड शोषतात आणि पुढे पानगळ, कुजणं यांतून तो पुन्हा हवेत जातो, त्याची ही लय. मे महिन्याची तुलना त्याच वर्षाच्या ऑक्टोबरशी केली तर कार्बन डायऑक्साइड कमी होतोय असं 'सिद्ध' होईल. म्हणून ऋतूचा थर आधी सोलून काढतात आणि उरलेल्यात कल पाहतात. यात एक गृहीतक लपलेलं असतं, ते म्हणजे ऋतूची लय दरवर्षी सारखीच राहते. ती तशी राहिलेली नाही. उत्तरेकडे ४५ अक्षांशांच्या पलीकडे, काही किलोमीटर उंचीवरच्या हवेत हा वार्षिक झोका १९६० च्या सुमाराच्या तुलनेत ५० टक्क्यांच्या आसपास वाढलेला आढळला. 'न बदलणारा' म्हणून जो थर बाजूला काढून ठेवला, त्यातच जंगलांविषयीची मोठी बातमी होती.

कल काढताना सुरुवात कुठून केली याला फार महत्त्व असतं. १९९८ हे जोरदार एल निन्योचं, त्यामुळे विलक्षण उष्ण वर्ष. तिथून रेषा ओढली की पुढची दहा-बारा वर्षं तापमानवाढ मंदावल्यासारखी दिसे, आणि त्यावर बराच गदारोळ झाला. दोन-चार वर्षं अलीकडे-पलीकडे सुरुवात केली की चित्र बदलत असे. जागतिक हवामान संघटना 'सर्वसाधारण' हवामानासाठी तीस वर्षांची सरासरी धरते ती यासाठीच. सध्याची तीस वर्षं म्हणजे १९९१ ते २०२०. पण दर दहा वर्षांनी ही खिडकी पुढे सरकते, आणि 'सर्वसाधारण' स्वतःच हळूहळू उष्ण होत जातं. लांब पल्ल्याच्या बदलाची तुलना करायला म्हणून १९६१ ते १९९० हा जुना काळ मुद्दाम गोठवून ठेवला आहे.

सरासरी थोडी सरकली तर एवढं काय, असंही विचारलं जातं. घंटेच्या आकाराच्या वक्रावर हिशेब करून पाहा. आकडे सरासरीभोवती साधारण किती विखुरतात त्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. सरासरी एका प्रमाण विचलनाने वर गेली, तर पूर्वी दोन विचलनांपलीकडे असणाऱ्या, म्हणजे शंभरात दोनदा घडणाऱ्या गोष्टी आता सोळादा घडतात. तीन विचलनांपलीकडच्या सतरापट होतात. मधल्या भागात फारसं जाणवत नाही, शेपटीत धुमाकूळ असतो. आणि वक्र नुसता न सरकता पसरटही झाला, तर दोन्ही टोकांना.

कारण शोधायचं तर जोडीदार हवा

बदल झाला हे ठरलं तरी तो कशामुळे, हा प्रश्न उरतोच. इथे निसर्गविज्ञानाची खरी कल्पकता दिसते. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात प्रयोगांसाठी राखून ठेवलेली तळी आहेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तळी शेवाळाने का भरतात यावर कडाक्याचा वाद होता. कार्बन, नायट्रोजन की फॉस्फरस? त्यातलं २२६ क्रमांकाचं तळं मध्ये अरुंद आहे. डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये त्या अरुंद जागी पडदा टाकून तळ्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन, दुसऱ्यात तेच आणि वर फॉस्फरस. पाऊस तोच, ऊन तेच, वारा तोच. फॉस्फरसचा भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. विमानातून घेतलेल्या त्या एका छायाचित्राने जे काम केलं ते कित्येक वर्षांच्या आलेखांना जमलं नव्हतं.

सगळीकडे असा पडदा टाकता येत नाही, पण कधी कधी निसर्गच टाकतो. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून गालापागोसमधल्या डॅफ्नी मेजर या छोट्याशा बेटावर फिंच पक्ष्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद ठेवली. पक्षी पकडायचा, मोजायचा, पायात कडी घालायची, सोडून द्यायचा. १९७७ मध्ये पाऊस पडला नाही. मऊ बारीक बिया संपल्या, उरल्या मोठ्या आणि टणक. मध्यम आकाराच्या भूचर फिंचांची संख्या सुमारे १२०० वरून १८० वर आली. जे जगले त्यांच्या चोची सरासरीने अधिक जाड होत्या, कारण टणक बी फोडायला तशीच चोच लागते. आणि पुढच्या पिढीत चोचीची जाडी सुमारे ४ टक्क्यांनी वाढलेली निघाली. १९८२-८३ च्या एल निन्योने उलटं केलं. धो धो पाऊस, बारीक बियांची रेलचेल, आणि मग लहान चोचीच्या पक्ष्यांची सरशी. या कामात ताकद कुठून आली? मेलेल्यांची मापंही हाताशी होती. नुसत्या जगलेल्यांवरून काय निवडलं गेलं ते कळलं नसतं. आणि परिस्थिती उलटी फिरल्यावर परिणामही उलटा फिरला, यापेक्षा खणखणीत साक्ष ती काय?

बदल होण्याआधी त्याची चाहूल लागेल का, हाही एक जिवंत प्रश्न आहे. एखादी व्यवस्था कोलमडण्याच्या बेतात असली की लहानसा धक्का बसल्यावर पूर्ववत व्हायला तिला जास्त वेळ लागतो, असं गणित सांगतं. मग आकड्यांमधला चढउतार वाढतो आणि आजचा आकडा कालच्यासारखा जास्त दिसू लागतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन-मिशिगनच्या सीमेवर पीटर आणि पॉल नावाची दोन तळी आहेत. स्टीफन कार्पेंटर यांच्या गटाने पीटरमध्ये शिकारी बास मासे थोडे थोडे करून सोडले आणि पॉलला हात लावला नाही. पीटरची अन्नसाखळी पूर्ण पालटायच्या वर्षभराहून अधिक आधी ही लक्षणं दिसू लागली होती, असं त्यांनी २०११ मध्ये मांडलं. निष्कर्ष आकर्षक आहे, पण त्यावर फार विसंबू नये. रोजच्या रोज मोजमाप नसेल तर ही चाहूल गोंगाटात हरवते, आणि संकट बाहेरून अचानक आलं तर चाहूल अशी नसतेच.

पृथ्वीला मात्र जोडीदार नाही. तिचे दोन भाग करून एकात कोळसा जाळता येत नाही. म्हणून दोन वाटा काढल्या गेल्या. एक वाट ठशांची. सूर्य जास्त तळपू लागल्यामुळे पृथ्वी तापत असती, तर वातावरणाचे खालचे आणि वरचे, दोन्ही थर तापले असते. कार्बन डायऑक्साइडमुळे तापत असेल तर खालचा थर तापायला आणि वरचा थर, म्हणजे स्ट्रॅटोस्फिअर, गार पडायला हवा. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरॉल्ड यांनी हे १९६७ मध्येच गणिताने काढलं होतं. पुढे उपग्रहांनी मोजलं तेव्हा खाली तापणं आणि वर गार पडणं, असंच चित्र निघालं. हासेलमान यांनी यात भर घातली ती अशी की, खूण जिथे सगळ्यात मोठी दिसते तिथे न शोधता, नैसर्गिक गोंगाटाच्या तुलनेत ती जिथे सगळ्यात ठळक असेल तिथे शोधावी. मानाबे आणि हासेलमान यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुसरी वाट संगणकातल्या पृथ्वीची. माणसाने वायू सोडलेच नसते अशी पृथ्वी आणि आहे तशी पृथ्वी, दोन्ही पुन्हा पुन्हा चालवून पाहायच्या. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात भयंकर उष्णता झाली. पीटर स्टॉट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलं की तशा उन्हाळ्याची शक्यता मानवी हस्तक्षेपामुळे किमान दुप्पट झाली असण्याची दाट शक्यता आहे. इथे वाक्याची रचना नीट पाहा. 'ही लाट माणसामुळे आली' असं ते म्हणत नाहीत. शक्यता किती पटीने वाढली एवढंच म्हणतात. बातम्यांत हा फरक हमखास गळून पडतो.

मग धरण किती उंच बांधायचं?

'शंभर वर्षांतला पूर' म्हणजे शंभर वर्षांतून एकदा नेमाने येणारा पूर नव्हे. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के भरते. ही एक टक्क्याची शक्यता परिस्थिती बदलून दोन टक्के झाली, तर तीच शक्यता ४५ टक्के होते. पूल, धरणं, गटारं यांचे आराखडे पिढ्यान्‌पिढ्या शक्यता बदलत नाही या गृहीतकावर बेतले गेले: काल जसा पूर येत होता तसाच उद्याही येईल. २००८ मध्ये क्रिस मिली आणि इतर जलशास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की हे गृहीतक आता मेलं आहे. त्यावर २०१४ मध्ये आल्बेर्तो मोंतानारी आणि देमेत्रिस कुत्सोयानिस यांनी उलट लिहिलं की ते अमर आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं दिसतं तितकं हेकट नाही. परिस्थिती बदलत नाही असा त्यांचा दावा नाही. बदल कसा होतो ते ठामपणे माहीत नसताना आकड्यांच्या अंगावर कल लादला, तर आपण आपलं अज्ञान लपवतो, त्यापेक्षा दीर्घ आठवण धरून अनिश्चिततेची पट्टी रुंद ठेवा, असं ते म्हणतात. मला दोघांचंही अर्धंअर्धं पटतं, आणि ज्याला उद्या पूल बांधायचाय त्याला या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही.

थेम्स नदीच्या मुखाशी यावर एक व्यवहारी तोड काढली गेली. लंडनला भरतीच्या पुरापासून वाचवणारा थेम्सचा बंधारा १९८० च्या दशकात कामाला लागला. पुढच्या शतकासाठी २०१२ मध्ये जो आराखडा आला, त्यात समुद्र किती वाढेल याचं एकच भाकीत धरून बांधकाम ठरवलेलं नाही. समुद्राची पातळी, पुराची वारंवारता, तटबंदीची अवस्था अशा गोष्टी सतत मोजायच्या आणि त्या आकड्यांनुसार पुढच्या टप्प्याची वेळ अलीकडे-पलीकडे करायची, अशी त्याची बांधणी आहे. २०२३ मध्ये आराखडा सुधारला गेला तेव्हा बंधाऱ्याच्या वरच्या अंगाच्या तटबंदी उंच करण्याची मुदत १५ वर्षं अलीकडे आणून २०५० करण्यात आली.